गर्भपिशवी काढली, पण अहवाल वाचला का?

गर्भाशयाचा कर्करोग म्हटला की बहुतेकांना गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग आठवतो. पण खुद्द पिशवीत उगवणारे काही कर्करोग दुर्मिळ असले तरी फार आक्रमक असतात. कधी पाळी परत आल्याचा, तर कधी साध्या गाठीचा भास करून देत ते येतात. त्यांना ओळखायचे कसे?

पाळी जाऊन सहा-सात वर्षे झालेली असतात. नातवंडांत मन रमलेले असते. एके दिवशी कपड्यावर लाल डाग दिसतो. बाई तो धुऊन टाकते आणि कोणाला काही सांगत नाही. महिन्याभराने पुन्हा डाग दिसतो. शेजारीण म्हणते, ''अहो, उष्णता झाली असेल, सब्जाचं पाणी घ्या.'' सुनेला सांगायचा संकोच वाटतो, मुलाला तर सांगताच येत नाही. ''या वयात आता कुठं दाखवायचं?'' असे म्हणत सहा महिने निघून जातात.

हे सहा महिने फार मोलाचे असतात. एरवी डाग बहुतेक वेळा निरुपद्रवी निघतो. पाळी बंद झाल्यावर रक्तस्राव होणाऱ्या दहा बायकांपैकी साधारण एकीलाच कर्करोग असतो. पण हीच गोष्ट उलट बाजूने पाहिली तर चित्र बदलते. गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग झालेल्या दहांपैकी नऊ जणींना असा रक्तस्राव झालेला असतो. शरीर एवढी स्पष्ट सूचना क्वचितच देते.

बहिणीचे दुःख आणि बारा खाटा

ही सूचना वेळेवर ऐकली जावी, म्हणून भारतात ज्या ठिकाणी फार लवकर काम सुरू झाले, त्यांत चेन्नईच्या अड्यार भागातील कॅन्सर इन्स्टिट्यूटचे नाव अग्रभागी आहे. या संस्थेचे मूळ एका बहिणीच्या दुःखात आहे. डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी या १९१२ साली मद्रास मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाल्या आणि पुढे मद्रास विधान परिषदेच्या सदस्यही झाल्या. त्यांची धाकटी बहीण कर्करोगाने गेली. त्या काळी कर्करोग झाला म्हणजे सारे संपले, असेच लोक धरून चालत. बहिणीचे हाल पाहिलेल्या मुथुलक्ष्मींनी मद्रासमध्ये कर्करोगाचे स्वतंत्र रुग्णालय उभे करण्याचा ध्यास घेतला. 'विमेन्स इंडियन असोसिएशन' या स्त्रियांच्या संस्थेमार्फत त्यांनी निधी जमवला. १० ऑक्टोबर १९५२ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते कोनशिला बसली आणि १९५४ साली अवघ्या बारा खाटांचे रुग्णालय सुरू झाले.

मुथुलक्ष्मींचे चिरंजीव डॉ. एस. कृष्णमूर्ती तेथे काम पाहू लागले. १९५५ साली एक तरुण डॉक्टरीणबाई त्यांना येऊन मिळाल्या. त्या म्हणजे डॉ. व्ही. शांता. त्या स्त्रीरोगतज्ज्ञ होत्या. सरकारी स्त्री रुग्णालयातली चांगली नोकरी हाताशी असताना त्यांनी ती सोडून बारा खाटांची ही संस्था पत्करली. बाळंतपणे आणि बायकांची दुखणी शिकून आलेली डॉक्टर कर्करोगाकडे का वळली, असा प्रश्न अनेकांना पडला. पण त्या काळी कर्करोगाने जाणाऱ्या भारतीय बायकांत गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाचे बळी फार मोठ्या संख्येने होते. स्त्रीरोगतज्ज्ञाची खरी गरज तिथेच होती. डॉ. शांतांनी पुढची सहा दशके त्याच आवारात काढली. २००५ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, २०१६ साली पद्मविभूषण जाहीर झाले आणि १९ जानेवारी २०२१ रोजी त्यांचे निधन झाले.

मुख वेगळे, पिशवी वेगळी

चेन्नईच्या कर्करोग नोंदींमधून एक गोष्ट लक्षात येते. १९८१च्या अखेरीस राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रम सुरू झाला. शहरातल्या प्रत्येक कर्करोग रुग्णाची नोंद ठेवण्याचे काम आरंभी मुंबई, बंगळूर आणि मद्रास या शहरांत चालले. मद्रासची नोंदवही अड्यारलाच ठेवली जाई. तेव्हापासूनच्या नोंदी पाहिल्या, तर शहरात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे प्रमाण सातत्याने उतरत गेले आहे. उलट पिशवीच्या कर्करोगाचे प्रमाण मोठ्या शहरांत वाढताना दिसते. वाढते वय, लठ्ठपणा, मधुमेह आणि कमी बाळंतपणे ही त्यामागची काही कारणे आहेत.

दोन्हींची गल्लत करून चालत नाही. गर्भाशय म्हणजे मुठीएवढी स्नायूंची पिशवी. तिचे तोंड योनिमार्गात उघडते, ते गर्भाशयमुख. तिथला कर्करोग बहुतेक वेळा एचपीव्ही या विषाणूमुळे होतो. त्याच्यासाठी लस आहे, तपासणीही आहे. आपल्याच उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यात सुमारे १ लाख ३१ हजार बायकांवर मोठा अभ्यास झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीमुळेही या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, हे त्यातून दिसले. तो निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला आणि जगभर गाजला.

पिशवीच्या कर्करोगाला मात्र अशी सोय नाही. पॅप स्मिअर ही तपासणी मुखासाठी आहे. ''माझी पॅप तपासणी चांगली आली आहे, मग मला कर्करोग कसा असेल?'' असे अनेकींना वाटते. पण मुखाशी सारे ठीक असताना आत, पिशवीत काहीतरी वेगळे चाललेले असू शकते.

पिशवीतले आक्रमक पाहुणे

पिशवीला आतून मऊ अस्तर असते. दर महिन्याला पाळीत तेच गळून पडते. पिशवीचे बहुतेक कर्करोग या अस्तरातून उगवतात. त्यांतला नेहमीचा प्रकार हळू वाढतो, लवकर रक्तस्राव घडवतो आणि म्हणूनच लवकर सापडतो. शस्त्रक्रियेने बहुतेक बायका बऱ्या होतात. पण याच पिशवीत काही दुर्मिळ आणि उग्र प्रकारही जन्म घेतात.

सीरस कार्सिनोमा हाही अस्तरातूनच उगवतो. अस्तराच्या कर्करोगांत याचे प्रमाण साधारण दहा टक्के असते, पण मृत्यूंत त्याचा वाटा कितीतरी मोठा असतो. तो सहसा साठीच्या आसपास किंवा त्यानंतर होतो. ही बाई लठ्ठच असेल असे नाही. अस्तरात इवलासा असतानाच त्याच्या पेशी पोटाच्या पोकळीत पसरू शकतात.

कार्सिनोसार्कोमा सूक्ष्मदर्शकाखाली दोन वेगवेगळ्या कर्करोगांच्या मिश्रणासारखा दिसतो. पूर्वी त्याची गणना सार्कोमात होई. मुळात तो अस्तराचाच, रूप बदललेला कर्करोग आहे, असे आता मानले जाते. पूर्वी ओटीपोटावर किरणोपचार झालेल्या, तसेच स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमोक्सिफेन घेतलेल्या बायकांत याचा धोका थोडा वाढतो. म्हणून कोणी टॅमोक्सिफेन परस्पर बंद करू नये. त्याचा फायदा धोक्याहून पुष्कळ मोठा आहे. फक्त ते घेत असताना रक्तस्राव झाला, तर लगेच डॉक्टरांना सांगावे.

लियोमायोसार्कोमा मात्र अस्तरातून नव्हे, तर पिशवीच्या स्नायूंच्या भिंतीतून उगवतो. गर्भाशयाच्या सर्व कर्करोगांत त्याचे प्रमाण जेमतेम एक-दोन टक्के आहे. पण तो रक्तावाटे पसरतो आणि फुप्फुसे गाठतो. पिशवीपुरताच असताना सापडला तरी सुमारे निम्म्या किंवा त्याहून अधिक रुग्णांत तो पुन्हा डोके वर काढतो.

प्रत्येक सार्कोमा असाच उग्र असतो असेही नाही. अस्तराखालच्या पेशींतून होणारा स्ट्रोमल सार्कोमा कमी प्रतीचा असेल, तर फार सावकाश वाढतो आणि हार्मोन रोखणाऱ्या औषधांनाही दाद देतो. म्हणूनच 'सार्कोमा' एवढाच शब्द ऐकून धीर सोडू नये. नेमका प्रकार कोणता, हे आधी विचारावे.

साध्या गाठीचे सोंग

लियोमायोसार्कोमाचे खरे संकट त्याच्या सोंगात आहे. बायकांच्या गर्भाशयात फायब्रॉईडच्या गाठी होणे ही अगदी सर्रास गोष्ट आहे. पन्नाशीपर्यंत बहुसंख्य बायकांत लहानमोठ्या गाठी असतातच, कित्येकींना त्या कळतही नाहीत. या गाठी कर्करोगाच्या नसतात. त्यांचे कर्करोगात रूपांतर होत असल्याची भीतीही जवळजवळ निराधार आहे. सार्कोमा बहुतेक वेळा स्वतंत्रपणेच उगवतो. पण सोनोग्राफीत तो दिसतो मात्र हुबेहूब फायब्रॉईडसारखा. पोट जड वाटणे, अंगावर जास्त जाणे, लघवीला वारंवार लागणे ही लक्षणेही तीच. एम.आर.आय.मध्ये काही वेळा संशय येतो, पण शस्त्रक्रियेपूर्वी छातीठोकपणे सांगेल अशी चाचणी आजही नाही. अस्तराचा तुकडा काढून तपासला, तरी भिंतीत खोल दडलेली गाठ त्यातून निसटू शकते.

या सोंगाची किंमत काय असते, ते एका डॉक्टरच्याच आयुष्यातून जगापुढे आले. अमेरिकेतील बोस्टनच्या डॉ. एमी रीड या भूलतज्ज्ञ आणि सहा मुलांच्या आई. २०१३ साली फायब्रॉईड समजून त्यांचे गर्भाशय दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने काढण्यात आले. लहानशा छिद्रातून मोठी पिशवी बाहेर काढण्यासाठी मॉर्सेलेटर नावाचे यंत्र वापरले गेले. हे यंत्र फिरत्या पात्याने पोटातच मांसाचे तुकडे करते. नंतर तपासणीत कळले, की ती गाठ लियोमायोसार्कोमा होती आणि तुकडे होताना तिच्या पेशी पोटात विखुरल्या होत्या. रीड आणि त्यांच्या पतींनी या यंत्राविरुद्ध मोहीम उघडली. एप्रिल २०१४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने इशारा दिला. फायब्रॉईडसाठी शस्त्रक्रिया होणाऱ्या सुमारे ३५० बायकांपैकी एकीत न ओळखलेला सार्कोमा असू शकतो, असा त्यांचा अंदाज होता. पुढच्या काही अभ्यासांत हे प्रमाण याहून कमी आढळले. पण पिशवी उघड्या पोटात बारीक करण्याच्या पद्धतीला त्यानंतर जगभर आळा बसला. मे २०१७ मध्ये, वयाच्या ४४व्या वर्षी, डॉ. रीड गेल्या.

दुर्बिणीची शस्त्रक्रिया वाईट, असा याचा अर्थ नव्हे. जखम लहान आणि घरी लवकर परतणे, हे तिचे फायदे खरेच आहेत. पण गाठ मोठी असेल, वय पन्नाशीकडे झुकलेले असेल, तर शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांना एक प्रश्न अवश्य विचारावा, ''गाठ अखंड काढणार की तुकडे करून? तुकडे करणार असाल तर ते बंद थैलीत करणार का?''

आणि एक खूण घरातल्या प्रत्येकीने ध्यानात ठेवावी. पाळी गेल्यावर हार्मोन कमी होतात, त्यामुळे फायब्रॉईड आक्रसतात. म्हणून पाळी गेल्यानंतर जी गाठ नव्याने दिसते किंवा वाढू लागते, तिला 'जुनीच गाठ आहे' म्हणून सोडून देऊ नये.

तपासणी कशी होते?

पाळी गेल्यावर रक्तस्राव झाला की आधी अंतर्गत तपासणी आणि योनिमार्गातून सोनोग्राफी करतात. तीत अस्तराची जाडी मोजली जाते. ती चार मिलिमीटरपर्यंत असेल तर बहुतेक वेळा काळजी नसते. पण सीरस कार्सिनोमा पातळ अस्तरातही असू शकतो. म्हणून रक्तस्राव पुन्हा झाला, तर सोनोग्राफी चांगली आली यावर समाधान मानू नये. अस्तराचा नमुना बारीक नळीने दवाखान्यातच घेता येतो. कधी दुर्बिणीने आत पाहून, कधी भूल देऊन क्युरेटिंग करून तो घेतात. आलेला तुकडा पॅथॉलॉजिस्टकडे जातो.

खरा निकाल तिथे लागतो. फायब्रॉईड आणि लियोमायोसार्कोमा यांतला फरक पॅथॉलॉजिस्ट तीन गोष्टींवरून ठरवतात. पेशींची केंद्रके किती वेडीवाकडी आहेत, पेशी किती वेगाने दुभंगत आहेत आणि गाठीत ऊती मरून पडल्याच्या विशिष्ट खुणा आहेत का? एकेका पेशीची ही मोजणी जिकिरीची असते. गाठी दुर्मिळ असल्यामुळे लहान गावातल्या पॅथॉलॉजिस्टला अशी गाठ वर्षानुवर्षे पाहायलाही मिळत नाही. म्हणूनच काचपट्ट्या आणि मेणाचे ठोकळे अड्यार किंवा मुंबईच्या टाटा रुग्णालयासारख्या मोठ्या केंद्रात दुसऱ्यांदा दाखवून घेणे शहाणपणाचे असते. हे ठोकळे प्रयोगशाळेत जपलेले असतात आणि रुग्णाला ते मागता येतात. त्यात पहिल्या डॉक्टरांचा अपमान नाही.

बरणीतले उत्तर

लहान गावांत पुष्कळदा असे दृश्य दिसते. गर्भाशयाची शस्त्रक्रिया पार पडते, बाहेर थांबलेल्या नवऱ्याच्या किंवा भावाच्या हाती फॉर्मलिनची बरणी दिली जाते आणि ''ही लॅबमध्ये नेऊन द्या'' असे सांगितले जाते. धावपळीत, किंवा चार पैसे वाचवावे म्हणून ती बरणी कधी पोचतच नाही. कधी पोचते, पण अहवाल आणायला कोणी जात नाही. टाके निघाले, बाई घरी आली, सारे विसरले. वर्षभराने खोकला येतो, छातीच्या फोटोत गाठी दिसतात आणि मग जुना अहवाल शोधायची धावाधाव होते.

काढलेले गर्भाशय हे नुसते काढून टाकलेले मांस नाही. त्यात त्या बाईच्या पुढच्या आयुष्याचे उत्तर असते. म्हणून प्रत्येक पिशवी तपासायला गेलीच पाहिजे, अहवाल घरी आलाच पाहिजे आणि तो डॉक्टरांनी वाचून समजावून सांगितलाच पाहिजे.

उपचार कोणते?

पहिला उपचार शस्त्रक्रिया. मुखासकट पूर्ण गर्भाशय अखंड काढतात. अस्तराच्या उग्र कर्करोगात बीजकोश, नलिका, लसिका ग्रंथी आणि पोटातल्या चरबीच्या पडद्याचा नमुनाही घेतात. सीरस आणि कार्सिनोसार्कोमात पुढे पॅक्लिटॅक्सेल व कार्बोप्लॅटिन ही औषधे देतात, गरजेप्रमाणे किरणोपचारही करतात. काही सीरस गाठींवर एच.ई.आर.-२ हे प्रथिन सापडते. अशांना स्तनाच्या कर्करोगात वापरले जाणारे ट्रास्टुझुमॅब उपयोगी पडते. म्हणून त्या तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारावे.

लियोमायोसार्कोमात पसरलेल्या रोगासाठी डॉक्सोरुबिसिन हे जुने औषध आजही पायाभूत आहे. त्याच्या जोडीला ट्रॅबेक्टेडिन दिल्यास रुग्णांचे सरासरी आयुष्य सुमारे २४ महिन्यांवरून ३३ महिन्यांवर जाते, असे फ्रान्समधील अभ्यासात दिसले. तो २०२४ साली प्रसिद्ध झाला. नऊ महिने हा आकडा कागदावर लहान वाटेल. पण मुलीचे लग्न किंवा मुलाची दहावी पाहायची असलेल्या आईला तो लहान वाटत नाही. उपचारांनंतर पहिली दोन-तीन वर्षे दर तीन-चार महिन्यांनी तपासणी आणि अधूनमधून छातीचा सी.टी. स्कॅन चुकवू नये.

भीतीचा बाजार नको

हे सारे वाचून 'त्यापेक्षा पिशवीच काढून टाकलेली बरी' असे कोणाला वाटू नये. या भीतीचा गैरफायदा आपल्याकडे घेतला गेला आहे. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांची सरकारी पाहणी झाली. ८२ हजारांहून अधिक महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. त्यांतल्या कित्येक तरुण होत्या. अंगावर पांढरे जाते, पोट दुखते, एवढ्या तक्रारीवर 'कर्करोग होईल' अशी भीती घातल्याचे अनेकींनी सांगितले. पांढरे जाणे म्हणजे कर्करोग नव्हे आणि लहान, न वाढणारा फायब्रॉईड म्हणजे सार्कोमा नव्हे. विनाकारण पिशवी काढल्याने, विशेषतः बीजकोशही गेल्यास, हाडे आणि हृदय यांवर परिणाम होतो. दुर्मिळ रोगावर उपाय आहे तो वेळेवर तपासणीचा. सरसकट शस्त्रक्रिया हा त्यावरचा उपाय नाही.

अड्यारच्या बारा खाटांचे आज मोठे रुग्णालय झाले आहे. तिथवर पोचणाऱ्या बाईला औषध, यंत्र, तज्ज्ञ सारे मिळते. पण घरातून निघायचा निर्णय तिला स्वतःला किंवा तिच्या माणसांना घ्यावा लागतो. तो डाग पाहून ''आई, उद्याच दाखवून येऊ'' असे सुनेने म्हणावे, एवढे जरी झाले तरी पुष्कळ साधेल. आणि शस्त्रक्रिया झालीच, तर तपासणीचा अहवाल रेशनकार्ड आणि घराच्या कागदपत्रांच्या फाईलीत जपून ठेवावा.

हे लक्षात ठेवा

* पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एकदाही रक्त दिसले, तर पंधरा दिवसांच्या आत स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.
* पॅप स्मिअर चांगली आली म्हणून पिशवी निरोगी आहे असे समजू नका.
* पाळी गेल्यावर वाढणारी गाठ दुर्लक्षू नका.
* घरात आतड्याचा आणि गर्भाशयाचा कर्करोग पिढ्यान् पिढ्या दिसत असेल, तर ते डॉक्टरांना सांगा.
* गर्भाशय काढल्यास ते तपासायला गेले का, हे विचारा आणि अहवालाची प्रत मागून घ्या.
* अहवालात 'सार्कोमा', 'सीरस' किंवा 'कार्सिनोसार्कोमा' शब्द असेल, तर पुढचे उपचार कर्करोग रुग्णालयातच घ्या.